पाठ नसलेली पेटी

मी गोकुळदास मेस्त, पार्सेचा सुतार. दारं, खिडक्या, पाळणे, देव्हारे, देवळाची एक पालखी आणि गावातल्या निम्म्या खाटा माझ्या हातच्या आहेत. त्यातल्या काही खाटा करकरतात असं लोक म्हणतात. त्यात खाटेचा दोष किती आणि झोपणाऱ्यांचा किती, या भानगडीत मी पडत नाही. पण पाठ नसलेली पेटी मी उभ्या जन्मात एकच केली, आणि तीही मनाविरुद्ध. पुढे तीच पेटी घरातून जायची वेळ आली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला, म्हणून ही हकिगत.

गोवा मुक्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, गावात वीज येऊन त्याहून बरीच कमी. मेस्ताच्या पोराने रंधा धरावा की नाही? आमच्या शिवदासाने स्क्रू-ड्रायव्हर धरला. पेडण्याला सगुणचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तो जायचा. तिथपर्यंत ठीक होतं. मग एक दिवस तो हरमलच्या किनाऱ्यावरून गिटार घेऊन आला. तिथे येऊन राहिलेला एक गोरा आपल्या देशी परत चालला होता, त्याने जाताना ती विकली. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. चांगलं लाकूड, वर चकचकीत रंग, पण आतून भरीव. पोकळी म्हणून नाहीच.

"ही वाजतली कशी?" मी म्हटलं. "हिका पोटच ना."

"हिचां पोट वेगळां करूचां पडता, बाबा," शिवदास म्हणाला.

ते पोट करायला आमच्या घराचे पुढचे चार-पाच महिने गेले. सोप्यावरचं मेज त्याने अडवलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधत होता. जुन्या, मेलेल्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह सगुणने काढून दिले. ट्रान्सफॉर्मर सगुणच्याच दुकानात हाताने तार गुंडाळून केला. वास्कोच्या बंदरात माझ्या बहिणीचा मुलगा कामाला होता, त्याने एका जहाजातून उतरवलेला मोठा स्पीकर पाठवला. पत्र्याच्या बैठकीवर शिवदास एकेक तार झाळत बसायचा. घरभर तो धुराचा वास, आणि माझी बायको शेवंती त्याच्या शेजारी भाजी चिरायला बसलेली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्यांदा वीज दिली, ते व्हॉल्व्ह आतून हळूहळू लाल झाले, तेव्हा तिने आधी हात जोडले आणि मग मला हाक मारली.

"आयकलांत? बघा तरी. वातीबगर पणती."

"पणतीत तेल घालूचां पडटलां तेदना माकाच सांगशीत," मी म्हटलं. पण बघून आलो. चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

आता त्या सगळ्याला पेटी हवी होती. पेटी म्हटल्यावर प्रकरण माझ्या हद्दीत आलं. शिवदास काही सांगायच्या आत मी फणसाच्या फळ्या काढल्या. ठेवणीतल्या होत्या, एका देव्हाऱ्यासाठी राखलेल्या. पिवळ्याधमक, किडीला दाद न देणाऱ्या. फळ्यांना दात पाडून ते एकात एक असे बसवले की खिळ्याची गरज नाही. स्पीकरसाठी चांगल्या फळीला भलंमोठं गोल भोक पाडताना मात्र हात अडला. जन्मभर भोकं बुजवत आलेला माणूस मी. शेवटी पाडलं. पेटी तयार झाली तेव्हा मी दोन पावलं मागे सरून बघितलं. आत देव ठेवला असता तर तोही खूश झाला असता.

शिवदासाने आणि त्याच्या मित्राने ती उचलायला घेतली. उचलेना. मी हात लावला, तेव्हा उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली.

"बाबा," शिवदास कपाळ पुसत म्हणाला, "ही कारेरीच्या टपार चडतली कशी?"

म्हापशाची कारेर दिवसातून मोजक्या वेळा यायची, आणि तिचा कंडक्टर कोंबड्यांच्या पाटीलासुद्धा कुरकुरायचा. ही पेटी बघून त्याने बस सोडून दिली असती. मी दोन दिवस रंध्याला हात लावला नाही. ती फणसाची पेटी शेवटी स्वयंपाकघरात गेली. शेवंतीने तिच्यात सोलां, म्हणजे आमसुलं, भरली आणि भोकावर ताट झाकलं. पुढे येईल त्या बाईला ती कौतुकाने सांगायची, आमच्या सोलांक देवळाची पेटी आसा म्हणून.

दुसरी पेटी वास्कोच्या खोक्यांची. जहाजातून यंत्रं येतात त्या खोक्यांचं पांढरं, हलकं लाकूड. आमच्याकडे त्याला देवदार म्हणतात, खरं कोणतं ते देवाला ठाऊक. वर परक्या भाषेतली काळी अक्षरं. मी ती अक्षरं आतल्या बाजूला घेतली, म्हणजे निदान बाहेरून लाज राहील. दात याही फळ्यांना पाडले. लाकूड हलकं असलं म्हणून काम हलकं करायचं नसतं. आणि मग मी मागची फळी मापाला कापायला घेतली, तर शिवदास म्हणतो, "ती नाका. पाठ उघडीच रवाक जाय. व्हॉल्व्ह तापतत, त्यांका वारो जाय. आनी आवाज मागसूनय येवंक जाय."

"पाठ नाशिल्ली पेटी म्हणजे कासोटो नाशिल्लो मनीस," मी म्हणालो. "चार लोकांत घेवन वचपाची आसा मरे ती!"

शेवंती आतून इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. मग काय, पाठ उघडीच राहिली.

पुढच्या बाजूला, स्पीकरवर, विरळ कापड लागतं. शिवदासाने म्हापशाहून कसलंसं जाड कापड आणलं, आवाज त्यात कोंडला. तेव्हा शेवंतीने आपलं जुनं लुगडं काढलं. हिरव्या बारीक चौकटीचं, सुती, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. गंगा, म्हणजे आमची मुलगी, पोटात असताना ते मी तिला आणलं होतं.

"बायलेचां कापड पेटीक?" मी म्हटलं.

"पोराचो आवाज त्यातसून गाळून येतलो," ती म्हणाली. "ताक गाळतत तसो."

मी ते ताणून आतून बारीक चुकांनी, म्हणजे लहान खिळ्यांनी, ठोकलं. एक सुरकुती राहू दिली नाही. शिवदासाने गिटार जोडली आणि तारेवर बोट फिरवलं. काय सांगू, माझ्या छातीत कुठेतरी ते वाजलं. मी मात्र "बरां आसा" एवढंच म्हणालो आणि विडा लावायला घेतला.

एक खोट होती. पेटी आतून घुमायची. वाजवत नसला तरी एकसारखा हूं असा आवाज, माश्यांचं मोहोळ ठेवल्यासारखा. आणि दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. शेवंती ओल्या फडक्याने पेटी पुसायला गेली. मागून आतल्या पत्र्याला तिचा हात लागला आणि ती "आये गे" करून मागे सरली. "मुंगयो आयल्यो हाताक," म्हणाली.

शिवदासाने आधी पेटीची वीज काढली. तो तडक सगुणला घेऊन आला. सगुणने सगळं तपासून सांगितलं की पेटीत दोष नाही. गावात येतात त्या तारा दोनच, तिसरी आपल्या जमिनीतून आणायची. जमिनीत तांब्याचा पत्रा पुरायचा, त्याला तार जोडायची, ती पेटीच्या पत्र्याला आणून लावायची. मुंग्या जमिनीत जातील, घुमणंही बसेल. जमीन मात्र ओली हवी.

ओली जमीन म्हणजे न्हाणीमागची. तिथे शिवदासाने पहार घातली तर हातभर खाली जांभा लागला, ठणठणीत. पहारीला ठिणग्या आल्या. तेव्हा शेवंती म्हणाली, "तुळशीकडे कित्याक खणना? थंय माती मोव आसा. रोज उदक पडता."

मी उसळलोच. तुळशीखाली वीज पुरायची? वृंदावनाच्या पायाशी? उद्या देव्हाऱ्यात मोटार बसवाल! शेवंतीने मला बोलून घेऊ दिलं. मग माळ्यावरून तिच्या माहेरचा गळका हंडा काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "ह्याचो पत्रो करून दिया." बत्तीस वर्षं संसार केला त्या बाईशी. वाद ती कधी जिंकली नाही, कारण वाद तिने कधी घातलाच नाही. मी हंडा फोडला, ठोकून सपाट केला. शिवदासाने वृंदावनाच्या कडेला खणून मीठ-कोळशात तो पत्रा पुरला आणि तार जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत घेतली.

घुमणं गेलं. पेटी देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत झाली. शेवंतीने मुद्दाम पत्र्याला बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून ती नुसती हसली.

त्या पेटीवर शिवदासाने दोन वर्षं वाजवलं. म्हापशाकडच्या चार मुलांचा त्यांचा संच होता. लग्नांत वाजवायचे, एकदा जत्रेच्या नाटकातही वाजवलं. तिथे आमच्या भजनी मंडळींनी नाकं मुरडली आणि शेवटपर्यंत बसून ऐकलं. घरी असला की संध्याकाळी तो धालोंची गाणी त्या गिटारीवर काढायचा. पौषात बायका मांडावर फेर धरून म्हणतात ती. शेवंती तांदूळ निवडता निवडता चूक दुरुस्त करायची, "थंय वयर वचना, सकयल येता." आणि तो खाली यायचा.

तिचं एक मला तेव्हा समजत नव्हतं. पूर्वी ती सकाळी आंघोळ करून तुळशीला एक तांब्या घालायची, सगळ्या घरांतल्या बायका घालतात तसा. आता ती विहिरीवरून भरलेली कळशीच नेऊन ओतायची. ऐन उन्हाळ्यात, विहिरीचा तळ दिसत असतानाही.

"तुळशीक न्हाणयतंस काय?" मी एकदा विचारलं. "मुळां कुसतली."

"एक तांब्यो तुळशीक," ती म्हणाली. "कळशी शिवदासाक."

मी समजलो की पोरासाठी काही बोलली असेल देवाला. बायकांचे नवस आपण विचारू नयेत. विचारले तर ते फेडायलाही आपणच लागतो.

मग त्या वर्षीचे धालो आटोपले आणि आठ-दहा दिवसांत शेवंती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती. माणूस इतक्या लवकर जाऊ शकतं हे मला अजून पटत नाही. एखादी फळी कापायला मला त्याहून जास्त वेळ लागतो.

सुतकात तुळशीला कोण पाणी घालणार? आमची सगळी भावकी सुतकात. बारा-तेरा दिवस झाले, पाहुणे गेले, गंगाही नार्व्याला आपल्या घरी गेली. घरात बाई उरली नाही. एक दिवस बघतो तर तुळशीची पानं गळलेली, नुसत्या काड्या. शेजारची सत्यवती म्हणाली, "मेस्तानू, घरची बायल गेली काय तुळसय जाता म्हणतत." मी म्हटलं, जाऊ दे. तिच्याबरोबर जायचं असेल तर मी अडवणारा कोण? सत्यवतीने दुसरं रोप आणते म्हटलं, तेही मी नको म्हणून सांगितलं. अंगणात उतरायचं झालं तर मी मागच्या दाराने जायचो. ते वृंदावन मला बघवत नव्हतं.

शिवदासाने पेटीवर फडकं टाकून ठेवलं होतं. चैत्र लागला, घर खायला उठलं, तेव्हा मीच म्हटलं, "वाजय रे कितें तरी. तिका आवडटालां." त्याने फडकं काढलं, पेटी चालू केली. व्हॉल्व्ह लाल झाले. आणि हूं असा आवाज सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठा. त्याने धालोंचं गाणं काढायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक सुराखाली ते घुमणं. जसं कोणी आत बसून कण्हतंय. त्याने मध्येच थांबवलं.

पुढचे पंधरा दिवस त्याने त्या पेटीची चिरफाड केली. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, झाळलेलं सोडवून पुन्हा झाळलं. सगुण येऊन गेला, तो ट्रान्सफॉर्मर घेऊन गेला आणि तपासून परत घेऊन आला. जमिनीतून येणारी तारही शिवदासाने टोकापासून टोकापर्यंत बघितली, तार धड होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललं होतं, पण तेव्हा ते कोणाला कळावं? मला तर त्यातलं काहीच कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की पोराचे डोळे खोल चाललेत.

एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, "म्हापशाचो एकलो आयतारा येता. पेटी आनी गिटार दोनूय विकत व्हरतलो."

"आनी तू?"

"वास्कोक जातंय. आतेभाऊ म्हणता जहाजार काम आसा." मग भात चिवडत, "आई गेली तसो पेटीचोय जीव गेलो, बाबा. माका आनी आयकवना ना तो आवाज."

मी बापासारखं काही बोलायला हवं होतं. पोरा, जाऊ नको, असं साधं वाक्य. पण मी भाताचा घास गिळला, तोवर जिभेवर भलतंच आलं होतं. मी म्हटलं, "वच. मेस्ताच्या पोरान रंधो धरूचो नाशिल्लो, दर्यो तरी धर." त्याला ते लागलं असावं. मला तर लागलंच. आमच्या घराण्यात जीभ रंध्यासारखी आहे, आपल्याच माणसांना तासते.

आयतवार उजाडला. शिवदासाने गिऱ्हाइकाला दाखवायला पेटी आधीच चालू करून ठेवली आणि तो न्हाणीकडे दाढी करायला गेला. मी सोप्यावर एकटाच, आणि ती घुमणारी पेटी. समोर शेवंतीचं लुगडं, हिरव्या चौकटींचं. मी मनात म्हटलं, पेटी ने बाबा, गिटार ने, पोरालाही ने. हे कापड नेऊ देणार नाही. चुका मीच ठोकलेल्या, आतून. मी चिमटा घेतला, पेटीच्या उघड्या पाठीशी बसलो आणि आत हात घातला.

मनगट पत्र्याला लागलं.

"आये गे!" चिमटा हातातून उडाला. कोपरापर्यंत मुंग्या. मी सारवलेल्या जमिनीवर मागे कोसळलो, आणि आपलाच आवाज कानांत घेऊन बसून राहिलो. कारण तो माझा नव्हताच. 'आये गे' मी जन्मात कधी म्हणत नाही, मी शिव्या देतो. ते तिचं होतं. फडकं हातात घेऊन ती तिथेच उभी होती आणि म्हणत होती, मुंगयो आयल्यो हाताक.

आणि मग सगळं एकदम आलं. त्या वेळी मुंग्या आल्या, घुमत होतं. पत्रा पुरला, दोन्ही गेलं. आता दोन्ही परत आलं. शिवदास वीज काढून आत हात घालायचा, म्हणून मुंग्या त्याला कळल्याच नव्हत्या. तार धड आहे. मग धड नाही ते काय?

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी पुढच्या दाराने अंगणात उतरलो. तुळशीच्या काड्या उभ्या होत्या. माती वरून तडकलेली, भाजून काढल्यासारखी. मी बोट घातलं, ते आत जाईना. आणि माझ्या डोक्यात तिची कळशी उपडी झाली. एक तांब्यो तुळशीक. कळशी शिवदासाक. नवस कसला आणि काय कसलं. सगुणने जमीन ओली हवी म्हटलं होतं, आणि तिने ते ऐकून ठेवलं होतं. आम्ही दोघे बाप-लेक पत्रा पुरून मोकळे झालो. ओल ठेवायची असते हे शिवदासाला माहीत नव्हतं असं नाही. पण ती त्याला कधी ठेवावीच लागली नव्हती. सकाळी उठावं तर जमीन ओली असायची, चहा असायचा, सदरा धुतलेला असायचा.

मी विहिरीवर गेलो. तिचीच कळशी तिथे पालथी होती. भरली, आणली, ओतली. पाणी क्षणभर वर थांबलं आणि खाली गेलं, आवाज करत, तहानलेल्या गुरासारखं. दुसरी आणली. तिसरी. माझं वय या कामाचं नाही. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, पाठ मोडून आली. किती ओतल्या मोजल्या नाहीत. जनेलातून पेटीचं घुमणं ऐकू येत होतं, आणि मी ओतत होतो आणि ऐकत होतो.

आधी वाटलं, भास आहे. मग नाही. भात शिजत आला की आदणाचा आवाज बसत जातो, तसं ते घुमणं बसत गेलं. खाली, आणखी खाली. आणि मग ऐकूच येईना. अंगणात कावळा ओरडला तो मला स्पष्ट ऐकू आला.

शिवदास धावत बाहेर आला. अर्ध्या गालाला साबणाचा फेस तसाच. "बाबा! पेटीक कितें केलांत?"

"पेटीक मी कित्याक हात लावू?" मी म्हटलं. कळशी अजून हातात होती. "तुझ्या आवयचां काम रवलेलां. तां केलां."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग ओल्या मातीकडे, मग जनेलातून आत जाणाऱ्या तारेकडे. पोरगा हुशार आहे, त्याला पुढे सांगावं लागलं नाही. तो वृंदावनाच्या पायरीवर बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला, तोंड उघडं टाकून. मीही रडलो. ती गेली तेव्हा लोकांसमोर मला रडता आलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात भर उजेडात, सत्यवती कुंपणावरून बघत असताना मी रडलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"रोज घालताली ती?" शेवटी त्याने विचारलं.

"कळशीभर. विहीर आटली तेदनाय."

म्हापशाचा माणूस थोड्या वेळाने स्कूटरवरून आला. पेटी विकायची नाही म्हटल्यावर तो फार तापला, आणि त्याचं बरोबरच होतं. मी त्याला चहा दिला, सोलकढी दिली, आणि पेटीच हवी असेल तर फणसाची एक आहे म्हणून आत नेऊन दाखवली. त्याने उचलून बघितली आणि सरळ स्कूटरला किक मारली.

शिवदास जहाजावर गेला नाही. संच पुन्हा जमला. वर्ष सरल्यावर गंगाने नार्व्याहून तुळशीचं रोप आणलं, ते त्याच जागी लावलं. आता ते माझ्या कमरेएवढं झालं आहे.

मध्यंतरी शिवदासाने एक युक्ती काढली. त्याला माझी वाकलेली पाठ बघवत नव्हती. न्हाणीचं पाणी नळीतून थेट पत्र्यापर्यंत न्यायचं, म्हणजे जमीन आपोआप ओली राहील, कोणी कळशी उचलायला नको. नळीही आणून ठेवली त्याने, मापाला कापून.

"तिका हात लावशीत जाल्यार तुझी पेटी चुलीत घालतलंय," मी म्हटलं.

तो हसला आणि नळी त्याने माळ्यावर टाकली. ती अजून तिथेच आहे. सकाळी आंघोळ करून मी एक तांब्या तुळशीला घालतो आणि एक कळशी शिवदासाला. कधी अंग दुखतं, पडून राहावंसं वाटतं, दोन-दोन दिवस टाळाटाळ होते. मग शिवदास वाजवायला बसतो आणि आत, त्या हिरव्या चौकटींच्या मागे, बारीकसं गुणगुणणं सुरू होतं. मी ओळखतो. "येतंय गे," म्हणतो आणि कळशी घेऊन विहिरीवर जातो.